तहान लागण्याआधी

९ जून, सोमवार

सोनम आज हो म्हणाली. कोरेगाव ते आष्टा, शंभर किलोमीटर, येत्या फेब्रुवारीत. अगदी 'हो' असा शब्द नाही उच्चारला. ड्युटीवरून आली ती खाकी ड्रेस न बदलता भिंतीला टेकून बसली. मी तिसऱ्यांदा विषय काढला तेव्हा म्हणाली, "करा बाबा, तुमाला काय करायचं ते." म्हणजे होच.

म्हणून आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं. उद्या कुणाला शिकवायची वेळ आली तर उपयोगी पडेल. लांब पळताना पाय दगा देत नाहीत, पोट देतं. हे मी माझ्या अंगावर शिकलोय. ही शर्यत मी दोनदा पळालो आणि दोन्ही वेळा कराड ओलांडल्यावर संपलो. दुसऱ्या वेळी कासेगावच्या अलीकडे उसाच्या रिकाम्या ट्रॉलीला धरून ओकत होतो आणि माझ्याच जिममधली पोरं व्हिडिओ काढत होती. पुढे गुडघा गेला, विषय संपला. त्या दिवशी मी पाणी कमी प्यालो होतो आणि खायला उशिरा सुरुवात केली. बाकी माझं काही चुकलं नव्हतं.

सोनमचं शरीर वेगळं आहे. ती आटपाडीकडची, मेंढरांमागं चालत वाढलेली. कराड डेपोला कंडक्टर आहे. दिवसभर हलत्या गाडीत उभी असते आणि संध्याकाळी आगाशिवाचा डोंगर पळत चढते, तरी वर गेल्यावर गप्पा मारू शकते. लग्नाला पाच वर्षं झाली, तिला दमलेलं मी पाहिलं नाही. खोड एकच. पाणी पीत नाही. कुठल्याही स्टँडवर बायकांना धड जाता येत नाही, म्हणून या बायका कंडक्टर घोटभर चहावर दुपार करतात. ही सवय मोडायची. माझा पहिला नियम: तहान लागण्याआधी प्यायचं. तहान लागली म्हणजे उशीर झाला.

२२ जून

आज पहिलं लांब पळणं, मलकापूर ते मसूर आणि परत. मी मोटरसायकलवर सोबत. दर अर्ध्या तासाला एनर्जी जेल, म्हणजे पाकिटातला साखरेचा घट्ट पाक, आणि पावडरचं पाणी. तिसऱ्या जेलला तिनं तोंड फिरवलं.

"चिकट चिकट, गोड गोड. जीभ बसली माझी. खारं काय हाय का?"

"पोटाला सवय लावायला लागते. पोट पण पायासारखं तयार करायचं असतं."

"शेंगदाण्याची चिक्की तरी द्या की. न्हाईतर उकडलेला बटाटा, मीठ लावून."

बटाट्याचा हिशेब कसा लावणार? जेलच्या पाकिटावर सगळं छापलेलं असतं. मी नाही म्हटलं. तिनं जेल गिळलं आणि शहाण्यासारखी पळत राहिली. माघारी येताना एक शब्द बोलली नाही. एकाग्रता वाढत चालली आहे.

रात्री तिचे पाय चेपून दिले, मोजे धुऊन दोरीवर टाकले. जिममधली माणसं म्हणतात, रविराजसारखा नवरा मिळायला नशीब लागतं. मी हसून सोडून देतो.

२० जुलै

वजनकाटा आणलाय. रोज सकाळी, तोंड धुतल्यावर, चहाआधी. चहा तसा बंदच केलाय.

आज मनाला लागलं. प्रांजल म्हणून तिची मैत्रीण आहे, त्याच डेपोतली कंडक्टर, तोंडाची फटकळ. तिनं मोबाईलवर फोटो टाकला. आष्टा स्टँडसमोर दोघी मिसळ खातायत, सोनमच्या नाकाचा शेंडा तिखटानं लाल झालाय आणि ती हसतेय. असं खळखळून हसताना मी तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याचंच जास्त वाईट वाटलं. मी इथं ग्रॅमग्रॅमनं मोजतोय आणि ही तर्रीत पाव बुडवतेय.

घरी आल्यावर काही बोललो नाही. रात्रीच्या ताटातली एक भाकरी कमी केली, इतकंच. तिनं ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"प्रांजलनं टाकला व्हय फोटो?"

"मी काही विचारलंय का?"

"न्हाई विचारलं," ती म्हणाली आणि जेवायला लागली.

१७ ऑगस्ट

सासूबाई आल्या होत्या, हरणाबाई. सोबत डबा होताच, हुलग्याचं माडगं आणि तुपात भिजलेल्या पोळ्या. मी नीट समजावलं की मामी, हे आता चालत नाही. त्यांनी डबा तसाच पिशवीत ठेवला.

मग स्वयंपाकघरातून मायलेकींचं कुजबुजणं ऐकू आलं. सोनमची पाळी जून-जुलैला आली नाही, या महिन्यातही अजून नाही. सासूबाई बाहेर आल्या त्या डोळे भरूनच. "पाव्हणं, गोड बातमी हाय का काय?"

मी हसलो. तसं काही नाही म्हटलं. तपासणी आम्ही केली होती. जोरात सराव करणाऱ्या बायकांचं असं होतं, मी वाचलंय. म्हणजे सराव योग्य मार्गावर आहे. उलट दर महिन्याची कटकट नाही. तसं त्यांना सांगितलंही.

सोनम उठून मोरीत गेली. नळ बराच वेळ सुरू होता. सासूबाई दाराकडं बघत बसल्या.

"आन् मूलबाळ?" त्या हळूच म्हणाल्या.

"शंभर होऊ द्या. मग बघू."

"शंभर काय, पाव्हणं?" असं काही त्या विचारतील वाटलं होतं, त्यांना किलोमीटर कळत नाहीत. पण त्यांनी विचारलं नाही. शेवटच्या आटपाडी गाडीनं गेल्या. राहा म्हटलं तर राहिल्या नाहीत.

१४ सप्टेंबर

सोनमच्या मोबाईलवर गजर लावून दिलाय. ड्युटीवर असली तरी वाजतो, वाजला की प्यायचं. पहिल्या आठवड्यात जरा त्रास झाला. सांगली गाडी तिच्यासाठी दोनदा पेट्रोल पंपावर थांबवावी लागली आणि एका प्रवाशानं तक्रार केली. डेपोतून तोंडी समज मिळाली.

"मला लाज वाटती," ती म्हणाली. "पंचावन्न माणसं थांबत्यात माझ्यापायी. डायवर काय बोलत न्हाई, पण आरशातनं बघतोय."

"मोठं काही करायचं तर लोक हसणारच."

"मोठं कुणाला करायचंय?"

असं ती कधी उलटून बोलत नाही. शेवटी तिचंच तर चाललंय हे सगळं. मी काय माझ्यासाठी करतोय? रविवारी सकाळी झोपायच्या वेळेला मी तिच्यामागं बाटल्या घेऊन फिरतो. हे मात्र कुणाला दिसत नाही.

वजन पुन्हा खाली. तिच्या गालाची हाडं दिसायला लागली आहेत, खरी धावपटू वाटते आता. जिमच्या भिंतीवर लावायला फोटो काढला. हसली नाही, पण फोटो चांगला आलाय.

११ ऑक्टोबर, कोरेगाव

उद्या रंगीत तालीम. त्याच आयोजकांची लहान शर्यत, कोरेगाव ते मलकापूर, पन्नास किलोमीटर. लॉजवर आहोत. बाटल्या भरून नंबर टाकून ठेवल्या. सोनम भिंतीकडं तोंड करून पडली आहे. ऑक्टोबरचं ऊन आहे, पाण्याचं प्रमाण वाढवायला लागेल. माझ्यासारखं तिचं होऊ द्यायचं नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार

दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहितोय. सोनम आत आहे, आयसीयूत. दिवसातून दोनदाच आत सोडतात.

काल पहाटे निघालो. रहिमतपूरपर्यंत सगळं मनासारखं होतं. ऊन चढल्यावर मी बाटल्या लवकर लवकर द्यायला लागलो. मसूर यायच्या आधीच ती म्हणाली, "पोट डबडबलंय. पळताना आत पाणी वाजतंय."

"वाजू दे. शरीर घेईल ते."

"तहान न्हाई मला. खरंच न्हाई."

"तहान लागेपर्यंत थांबायचं नसतं. किती वेळा सांगू?"

तिनं बाटली घेतली. मी बघत होतो म्हणून रिकामी केली. हे जसं घडलं तसं लिहितोय, कारण काल डॉक्टर सारखं विचारत होत्या, स्वतःहून पीत होती की कुणी देत होतं.

तिचं तोंड सुजल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं ऊन. बोटातली अंगठी रुतली होती, ती दाताने काढायला बघत होती. मसूरच्या पुढं ओकली. अन्न नव्हतंच, नुसतं पाणी. माझ्या डोळ्यांपुढं ती ट्रॉली आली. वाटलं, झालं, आता ही कोरडी पडणार. म्हणून जेवढं बाहेर पडलं तेवढं परत प्यायला लावलं.

मग एका टपरीसमोर ती थांबली. तिथं चार माणसं चहा घेत होती. त्यांच्यासमोर हात पसरून म्हणाली, "सुट्टे द्या. पाचशेची नोट चालायची न्हाई. म्होरं सरका, म्होरं सरका, माणसं खाली हायत अजून."

माणसं हसली. मीपण हसलो. गंमत करतेय असं वाटलं, पूर्वी करायची. मी म्हटलं, "चल सोनम, थोडंच राहिलंय."

ती माझ्याकडं वळली. "तुमचं कुठलं?"

तिच्या डोळ्यांत ओळख नव्हती. मी कुणी प्रवासी होतो. तेवढं विचारून ती आडवी झाली आणि हातपाय झाडायला लागली. एकानं तिच्या दातांत रुमाल घालायला पाहिलं, दुसऱ्यानं त्याला मागं ओढलं आणि तिला कुशीवर वळवलं. भाजीचा टेम्पो थांबवून तिला कराडला आणलं. मी मागून मोटरसायकलवर, उरलेल्या बाटल्या हँडलला खडखडत होत्या.

मला भीती वाटली. इतकी कधी वाटली नव्हती. शर्यत डोक्यात आली नाही, एकदाही आली नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

१६ ऑक्टोबर

शुद्धीवर आहे. बोलते, पण सावकाश. मला ओळखलं. "गाडी कुणी नेली?" असं विचारलं आणि मग स्वतःच म्हणाली, "न्हाई, न्हाई. पळत हुते."

डॉक्टर बाईंनी मला समोर बसवलं. किती पाणी दिलं विचारलं. मी सगळं सांगितलं, बाटलीगणिक. शर्यतीच्या पहाटेचं वजनही सांगितलं. इतकी पक्की माहिती त्यांना कुठल्या नातेवाइकानं दिली नसेल.

"पळताना माणसाचं वजन थोडं तरी घटतं," त्या म्हणाल्या. "हिचं वाढलेलं होतं. एवढं पाणी शरीराला बाहेर टाकता आलं नाही. रक्तातलं मीठ पातळ झालं, मेंदूला सूज आली. अजून थोडं दिलं असतं तर ही इथं पोचली नसती."

"पावडरमध्ये मीठ असतं, मॅडम."

"फार कमी असतं. तहान लागली की प्यायचं. इतकं साधं आहे ते."

मग पाळीचं विचारलं. मी म्हटलं, मे महिन्यात आली होती शेवटची. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं नाही, काचेतून सोनमकडं पाहिलं.

"ही उपाशी आहे. कित्येक महिने."

"मॅडम, मी तिला प्रत्येक घास मोजून देतो."

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

डॉक्टर आयुष्यात कधी पाच किलोमीटर पळाल्या असतील का, हा प्रश्न आहे. पुस्तकातलं वेगळं, रस्त्यावरचं वेगळं. तरी मी मान हलवली. त्यांच्या हातात सोनम आहे.

मला वाटतं मिठाच्या गोळ्या वेगळ्या द्यायला हव्या होत्या. चूक असेल तर ती तिथं आहे.

१९ ऑक्टोबर

घरी सोडलं. दिवाळीला म्हणून सासूबाई आणि तिचा भाऊ ज्ञानू तिला आटपाडीकडं घेऊन गेले. महिनाभर विश्रांती सांगितलीय. मी तिच्यासाठी एक पिशवी भरली होती, काय कधी खायचं त्याच्या चिठ्ठ्या डकवून. ज्ञानूनं गाडीत बाकी सगळं चढवलं, ती पिशवी पायरीवरच राहिली. गडबडीत विसरला असेल. मी हाक मारली, पण गाडी वळली होती.

९ नोव्हेंबर, रविवार

आटपाडीकडं जाऊन आलो. सकाळची गाडी पकडली, माणदेशातल्या त्या रखरखीत माळावरनं जाताना सारखं वाटत होतं, इथं वाढलेलं माणूस असं पाण्यानं कसं पडेल?

सोनम अंगणात बसली होती, कोकराला बाटलीनं दूध पाजत. गाल भरलेत. मला बघून उठली, पाणी आणून दिलं. चांगली वाटली. मला आनंद झाला आणि जरा वाईटही वाटलं, म्हणजे चार महिन्यांचं काम वाहून गेलं.

बॅगेतून काटा काढून फरशीवर ठेवला. नुसतं बघायचं होतं, कुठून सुरुवात करायची ते कळायला.

ती काट्याकडं बघत राहिली. सासूबाई चुलीपासून म्हणाल्या, "पाव्हणं, ते काय हाय?"

"वजनकाटा, मामी."

"आमी बकरी काट्यावर चढवतो. इकायची असली की."

ज्ञानू मान खाली घालून दावं वळत होता, तो तसाच वळत राहिला. मी म्हटलं, "सोनम, फक्त एकदा."

"काटा परत न्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आवं, मी पळणार हाय. मला पळायला आवडतं. तुमी न्हवता तवाबी आवडत हुतं. पण तुमच्या हातनं खायाचं न्हाई मला आता. पाणीबी न्हाई."

"मग कोण देणार? हे साधं काम नाही. शंभर किलोमीटर—"

"मला भूक लागली की मला कळतं."

जेवण झालं. भाकरी, मटण, त्यांच्याकडचा झणझणीत रस्सा. ती दोनदा वाढून घेऊन जेवली. मी मोजलं नाही. म्हणजे मोजायचं नव्हतं, पण लक्षात राहिलं.

परतीच्या गाडीत विचार केला. 'पळणार हाय' म्हणाली. म्हणजे आशा आहे. राग माणसाचा उतरतो.

२१ डिसेंबर

कामावर रुजू झाली, पण राहायला प्रांजलकडं. "डेपो जवळ पडतो," असा निरोप. प्रांजलची खोली डेपोपासून आमच्या घराइतकीच लांब आहे.

जिममध्ये विचारतात, वहिनी कशा आहेत. भिंतीवरचा फोटो काढला नाही. काढला तर आणखी विचारतील.

एकट्यासाठी स्वयंपाक करवत नाही. दूध-केळी खातो. कालपासून तेही नाही.

२५ जानेवारी

कराड स्टँडवर मुद्दाम गेलो. सांगलीची गाडी लागली होती, दारात प्रांजल उभी होती.

"ती पळणार आहे का फेब्रुवारीत?" मी विचारलं.

"पळणार हाय. मी जाणार तिच्यासंगं, माज्या भावाला घिऊन."

"तुला काय माहिती आहे यातलं? मीठ किती, साखर किती, उन्हात काय द्यायचं?"

"मला काय बी माहिती न्हाई," ती म्हणाली. "मी तिला इचारणार, काय पायजे. ती सांगंल ते दीन."

"असं नसतं ते. माणूस थकला की त्याला स्वतःचं कळत नाही."

प्रांजलनं घंटी वाजवली. "दाजी, कोरेगावच्या रस्त्यावर तिला कळत हुतं की. सांगितलं हुतं तिनं तुमास्नी." गाडी हलली. लोक बघत होते.

ठरवलंय, मी जाणार. तिला माझी गरज पडेल. साठच्या पुढं सगळ्यांना पडते.

२३ फेब्रुवारी, सोमवार

काल शर्यत झाली. आज लिहितोय, काल हात चालला नाही.

आदल्या दिवशी सगळं भरून ठेवलं होतं. या वेळी मीठ वेगळं, पाणी निम्मं, उकडलेले बटाटेसुद्धा घेतले. म्हणजे मी काही शिकलो नाही असं कुणी म्हणू नये. मसूरच्या फाट्यावर उभा राहिलो. कोवळ्या उन्हात ती आली, एका संथ लयीत. रस्त्याच्या कडेला पाहिलं, मला पाहिलं. मी बाटली पुढं केली.

"आवं, बाजूला व्हा," ती म्हणाली. "मागनं ट्रॅक्टर येतोय."

बाजूला झालो. ट्रॅक्टर गेला, तीही गेली.

मी मोटरसायकल काढून पुढं गेलो. मलकापूरला आमच्या जिमसमोरून ती पळत गेली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी पलीकडच्या कडेला होतो. कासेगाव आलं. मी तिथं गाडी लावून वाट बघत होतो. सांगायला काय हरकत आहे, मला वाटत होतं ती इथं मोडेल. मोडावी असं नव्हतं वाटत. पण मोडली असती तर मी जवळ होतो.

ती चालत आली. चढाला चालायची, उताराला पळायची. माझ्यासमोरून गेली. मला ती ट्रॉली उभी होती ती जागा दिसत होती आणि ती त्या जागेवरून तशीच पुढं गेली.

पेठ नाक्याच्या अलीकडे मात्र ती बसलेली दिसली. बाटल्या घेऊन धावलो. सर्व्हिस रोडच्या कट्ट्यावर पाय सोडून बसली होती. हातात वडापाव, शेजारी चहाचा कागदी कप. प्रांजल तिच्या बुटातले खडे झाडत होती, प्रांजलचा भाऊ जयराज सावलीसाठी छत्री धरून उभा होता.

"काय होतंय? चक्कर येतेय का? माझं नाव सांग बरं!"

"रविराज," ती म्हणाली. "भूक लागलीय. जेवतीय."

"असं बसायचं नसतं. पाय आखडतील. तेलकट आहे ते, पोटात दगड होऊन बसेल. हे बघ, मी बटाटे आणलेत, मीठ लावून."

तिनं डब्याकडं पाहिलं. क्षणभर वाटलं घेईल. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर मला कळलं असतं काय करायचं ते.

"तुमी सकाळपासनं काय खाल्लंय का?" तिनं विचारलं.

"माझं सोड."

तिनं वडापाव मोडला आणि अर्धा माझ्यापुढं धरला. "घ्या. तोंड बघा तुमचं कसं झालंय."

रस्त्यावर, प्रांजलसमोर, त्या पोरासमोर, शर्यत पळणारी बाई मला खायला देत होती. मी म्हटलं, "मला तेलकट चालत नाही."

"ऱ्हाऊ द्या मग."

तो अर्धाही तिनं खाल्ला, सावकाश. चहा संपवला. चूळ भरली. दोन घोट पाणी प्यायली, उरलेली बाटली प्रांजलकडं दिली. हात झटकले, उठली, पहिली चार पावलं लंगडली आणि मग तिचे पाय सुटले. जयराज छत्री मिटून मागं धावला.

मी पुढं आष्ट्याला गेलो नाही. कट्ट्यावर बसून राहिलो. बटाटे उन्हानं तापून वास मारायला लागले तेव्हा डबा कुत्र्यांपुढं रिकामा केला.

संध्याकाळी जिममधल्या कुणीतरी फोन केला. "सर, अभिनंदन! वहिनींनी शंभर पूर्ण केलं. तुमचं सार्थक झालं."

"हो," म्हटलं. "थँक्यू."

१ मार्च

दुपारी सोनम आली होती. कपडे आणि कागदपत्रं न्यायला. प्रांजल खाली स्कूटरवर थांबली. आटपाडी डेपोला बदली मागितली होती, मिळाली. दहा तारखेला हजर व्हायचंय.

"कायमची?" मी विचारलं.

"व्हय."

तिनं कपाट उघडलं, खाकी ड्रेस पिशवीत भरले. चालताना अजून जरा जपून पाय टाकत होती. दोन नखं काळी पडली होती. मी म्हटलं, मीठ घालून गरम पाण्यात ठेव. ती हं म्हणाली. मी तिला राहा म्हणणार होतो. दिवसभर वाक्य तयार करत होतो. ती निघाली आणि तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"पेठ नाक्यापासून आष्ट्यापर्यंत काय काय घेतलंस?"

"कशाला?"

"शेवटचा टप्पा आहे. तिथंच सगळे मोडतात. तू कशावर पळालीस ते कळायला पाहिजे."

ती दारात थांबली. मला टाळायचं म्हणून नाही, खरंच आठवायला लागली. कपाळाला आठ्या पडल्या.

"काय तरी खाल्लं असंल. प्रांजलनं दिलं असंल," ती म्हणाली. "ध्यानात न्हाई बघा. ऊन उतरलं हुतं. माणसं वावरातनं घराकडं निघाली हुती, बायका बांधावरनं हात करत हुत्या. मी त्यांच्याकडं बघत पळत हुते."

मग जिना उतरली. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला.

ध्यानात नाही म्हणे. एवढं मोठं अंतर, सगळं ज्याच्यावर ठरतं तेच, आणि हिच्या ध्यानात नाही.